नववी गादी

हरळीचं गवत म्हणजे आमच्या मुलखात शेतकऱ्याचा हाडवैरी. माझं माहेर हिर्डोशीकडचं, नाचणीच्या वावरांचं. वडील उन्हाळाभर कुदळ घेऊन हरळीच्या मागे असायचे. हातभर खाली जाऊन तिची पांढरी मुळं उपसायची, बांधावर वाळवायची आणि मग जाळायची. एवढं करूनही पुढच्या वर्षी ती परत हजर. तीच हरळी मी माझ्या हाताने राखली, साहेबाचा हुकूम मोडून राखली, आणि त्यापायी माझं काम गेलं. चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आज सत्तरी उलटल्यावरही वाटत नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. माझं सासर भोरच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. गावाशेजारच्या माळावर साहेब लोकांनी गोल्फ खेळायला मैदान केलं होतं. पावसाळ्यात बडे साहेब पुण्याला मुक्कामाला येत, त्यातले काही उघडीप मिळाली की मोटारींनी इकडे येत. एवढासा पांढरा चेंडू काठीने टोलवत कोसभर चालायचं आणि शेवटी तो भोकात पाडायचा, असा तो खेळ. त्या भोकाला आम्ही गल म्हणायचो. गलीभोवती बारीक, दाट, बोटाच्या पेराएवढ्या उंचीचंही चालणार नाही असं गवत राखायचं. त्या जागेला आम्हीच नाव पाडलं होतं, गादी. अशा नऊ गाद्या होत्या आणि त्या राखायला आम्ही नऊ बायका होतो. जिची तिची गादी ठरलेली. पहिली माझ्या सासूबाईंची, कारण आमच्यात मुकादमीण त्याच. नववी, अगदी नदीकडची, माझी.

गवत कापायचं यंत्र बैल ओढायचे. बैलांच्या खुरांनी जमीन दबू नये म्हणून त्यांच्या पायात चामड्याचे बूट घालत. चारही पायांत, नाडीने आवळून बांधलेले. आणि आम्ही मात्र अनवाणी, कारण गादीवर वहाण घालून जायचं नाही असा दंडक होता. साहेब स्वतः खिळ्यांचे बूट घालून त्याच गादीवर फिरायचा. माझी सासू एकदा त्याच्यादेखत म्हणाली, "पुढच्या जल्मी बैलच व्हते बाई, निदान पायात पायताण तरी मिळंल." साहेबाला कळलं नाही म्हणून निभावलं.

सासूबाईंना त्या कामावर मान होता, आणि तो कुणी दिलेला नव्हता, त्यांनी मिळवला होता. मैदान नवं होतं तेव्हा पहिल्याच दिवशी या बायकांना खुरपी देऊन सांगण्यात आलं, तण काढा. बायकांनी इमानाने दिवसभर बसून सगळी हरळी मुळासकट उपटली, ढीग घातला आणि जनावरं खातात ते उंच गवत तेवढं जपून ठेवलं! शेतकऱ्याच्या बाईला तण म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? संध्याकाळी तेव्हाचा साहेब आला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. हरळीच तर त्याला हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात हरळी काढत्यात. लावत्यात हे कुनाला ठावं?" पण गोंधळ निस्तरलाही त्यांनीच. उपटलेल्या हरळीचे विळ्याने बोटबोटभर तुकडे केले, शेणात आणि नदीच्या गाळात कालवले आणि नऊच्या नऊ जागा घरची भुई सारवावी तशा हाताने सारवून काढल्या. महिनाभरात गाद्या अशा धरल्या की पुण्याहून माळी बघायला आले. तेव्हापासून तो जुना साहेब त्यांना विचारल्याशिवाय काही करत नसे.

तो विलायतेला परत गेला आणि नवा आला. तरणा, गोरापान, सारखा घाईत. त्याने आल्या आल्या ठरवलं की हरळी हे गावठी गवत, गाद्यांवर विलायती गवतच पाहिजे. बियांच्या पेट्या आल्या. दसरा झाल्यावर गाद्या उकरल्या, बी पेरलं. थंडीचे दिवस, ते गवत आलंही फार सुरेख. मऊ, नाजूक, निळसर हिरवं. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू. पण त्या गवतातून जागोजाग हरळी डोकं काढत होती आणि तिची काडीसुद्धा दिसता कामा नये असा आम्हाला हुकूम झाला. सासूबाईंनी मान हलवली. "चैतात बगा म्हनावं ह्ये गवत," एवढंच म्हणाल्या. पण हुकूम तो हुकूम. रोज सकाळी त्या आपल्या गादीवर ओणव्या होऊन हरळीचं एकेक मूळ उकरून काढायच्या.

मी नाही काढलं.

पहिले दोन दिवस काढलं आणि मग माझं डोकं फिरलं. ज्या बाईने हे सगळं हिरवं केलं तिच्याच हातांनी ते उपटून घ्यायचं, आणि कशासाठी, तर चार महिन्यांच्या पाहुण्यासाठी? मी हरळी वरून खुडायला लागले. नखाने, विलायती गवताच्या खालच्या अंगाला. वरून बघणाऱ्याला गादी स्वच्छ, आणि मुळं खाली सुखात. नववी गादी सगळ्यांत लांब, तिथे माझ्या मागे येऊन बघणार कोण? मी कुणाला बोलले नाही. सासूबाईंनाही नाही. त्या सरळ बाई. सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं, किंवा साहेबाने विचारल्यावर खरं सांगून मोकळ्या झाल्या असत्या. हे माझं मीच ठरवून टाकलं.

शिमगा झाला, ऊन तापलं आणि विलायती गवताने मान टाकली. आम्ही सकाळ-संध्याकाळ हौदावरून घागरी वाहिल्या, झारीने पाणी घातलं. मानेला गाठी आल्या. एकेक गादी आधी पिवळी पडली, मग तपकिरी झाली, मग हात फिरवला तर कोंड्यासारखी उडायला लागली. आठ गाद्या गेल्या. नववीवरचंही विलायती गवत गेलंच, पण त्याच्या जागी हरळी पसरली. यंत्राने बारीक कापल्यावर ती अशी दिसायला लागली की पावसाळी हंगामात सुद्धा तशी दिसली नसेल.

आणि तिथेच घात झाला.

साहेबाला नाचता येईना, तेव्हा त्याने अंगण वाकडं ठरवलं. बी चांगलं होतं, विलायतेहून आलं होतं, ते मरेलच कसं? म्हणजे पाणी घातलं नाही. मग पाणी गेलं कुठे? बायकांनी हौदातलं पाणी आपल्या गुरांना घरी नेलं. आणि पुरावा काय, तर नववी गादी! एकीने पाणी घातलं तर गवत जगलं, बाकीच्यांनी चोरलं म्हणून मेलं. कारकुनाने तसा कागद तयार केला. मुकादमीण म्हणून सासूबाईंनी त्यावर अंगठा द्यायचा, की आपल्या हाताखालच्या बायकांनी आपल्या संमतीने पाणी चोरलं. अंगठा दिला तर बायका कामावर राहतील, सासूबाईंची मुकादमी तेवढी जाईल. नाही दिला तर सगळ्यांचं काम जाईल आणि वर फौजदाराला वर्दी.

माझ्या सासूने उभ्या जन्मात कुणाच्या बांधावरची काटकी उचलली नव्हती. वैशाखातली ती सकाळ मला अजून दिसते. आम्ही नऊजणी नवव्या गादीच्या कडेला उभ्या, समोर साहेब, कारकून, आणि कारकुनाच्या हातात कागद आणि शाईची डबी. साहेब माझ्याकडे बोट करून मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "ये अच्छा औरत. आजसे ये मुकादम."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी नाही बघितलं. त्या कागदाकडे बघत होत्या. मला माझीच चीड आली. मी जगवलेली हरळी त्यांनाच चोर ठरवत होती.

कारकून आमच्याच मुलखातला, शेतकऱ्याचा मुलगा. त्याला हरळी ओळखू येत नव्हती असं कुणी मला सांगू नये. रोज तिथून जात होता तो. पण साहेबाला जे बघायचं होतं तेच त्यालाही दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर निदान संन्याशाकडे बघायची लाज तरी वाटावी, तीही नव्हती.

"आत्याबाई, अंगठा देऊ नगा," मी म्हटलं आणि खुरपं घेऊन गादीवर गेले. गलीपासून वीतभर अंतरावर खुरपं मुठीपर्यंत रोवलं. साहेब ओरडला. गादीवर साधी टाच रुतली तरी दंड व्हायचा, आणि मी तर तिथे चांगला भाकरीएवढा तुकडा कापून उलटा केला. खाली हरळीची पांढरी, गाठीगाठीची मुळं लोंबत होती.

"ह्ये तुमचं गवत न्हवं," मी कारकुनाला म्हटलं. "ही हरळी हाय. सांगा साहेबाला. तुमचं गवत हितंबी मेलंय. हरळी काढायचा हुकूम म्या पाळला न्हाई. दिवाळीपासनं वरनं खुडत आलीय. ह्यांनी पाळला, म्हनून ह्यांच्या गाद्या मेल्या."

कारकुनाने साहेबाला ते इंग्रजीत सांगितलं, पण कागद काही खाली ठेवला नाही. मग मी तसाच मातीचा गोळा हातात घेऊन तरातरा पहिल्या गादीकडे चालू लागले. सगळे माझ्या मागे आले, साहेबसुद्धा. सासूबाईंच्या मेलेल्या गादीत मी तितकंच खोल खुरपं घातलं आणि खालची माती काढली. दोन हातांत दोन गाद्यांची माती घेऊन मुठी आवळल्या आणि उघडल्या. दोन्हींचे लाडू वळले होते. डावा-उजवा ओळखू येणार नाही असे.

"पानी समद्यांनी सारकंच घातलंय," मी कारकुनाला म्हटलं. "चोरलं असतं तर ही माती भुगा झाली असती. तुमी शेतकऱ्याचं पोर ना? मंग घ्या, दाबून बगा."

साहेबाने दोन्ही लाडू स्वतःच्या हाताने फोडून पाहिले. त्याला सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा लालभडक झाला. त्याने कागद कारकुनाकडून घेतला, चुरगाळून खिशात घातला आणि मला म्हणाला, "तुम जाव. कल मत आव." हुकूम मोडला होता मी, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण झालेल्या आरोपाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. सासूबाईंनी आपलं खुरपं त्याच्या बुटांपुढे टाकलं आणि घरचा रस्ता धरला. मागोमाग बाकीच्या सात.

 उंबऱ्यात शिरल्यावर सासूबाईंनी विचारलं, "दिवाळीपासनं?"

"व्हय."

"आन म्या रोज डोळं फोडून मुळं उकरत हुते. शेजारी बसून भाकर खात हुतीस, तवाबी बोलली न्हाईस."

पुढे पंधरा दिवस आमच्या घरात दोन माणसं मुकी होती. माझे मालक गाडीभाडं करून घरी आले, तर त्यांना वाटलं घरात कुणी गेलं की काय.

ज्येष्ठात कारकून दारात आला. पावसाळ्यात बडे साहेब यायचे, गाद्या उघड्या पडलेल्या, आणि हरळी सारवायची रीत मैदानावर दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. झालं गेलं विसरून कामावर या, मुकादमीही तुमचीच, म्हणाला. सासूबाई जात्यावरून उठल्याही नाहीत.

"तवा आमचा अंगठा पायजे हुता न्हवं?" त्या म्हणाल्या. "आता साहेबाची सई आना. बायकांनी पानी चोरलं न्हाई, गवत उन्हानं मेलं, असं लिवा. मराठीत लिवा. शाळंतल्या मास्तराकडनं चावडीवर वाचून घीन, मगच शेनात हात घालीन."

"साहेब असं लिहून देईल होय, बाई?"

"मंग साहेबाला सारवायला लावा."

तो दोनदा रिकाम्या हाताने आला. तिसऱ्यांदा कागद घेऊन आला. मास्तरांनी चावडीवर मोठ्याने वाचला, सारा गाव ऐकायला होता. खाली साहेबाची सही होती. पण कारकुनाने जाता जाता सांगितलं की सूनबाईला मैदानावर पाऊल टाकायला मनाई आहे, त्यावर साहेब ऐकत नाही.

सासूबाईंनी तो कागद घडी करून माझ्याकडे दिला. "म्या बी न्हाई जात मंग," म्हणाल्या.

"जावा तुमी," मी म्हटलं. "नाव तुमचं गेलं हुतं, ते आलं. माझं काय गेलंया? म्या हुकूम मोडला, त्यो खराच मोडला."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या सातजणी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पदर खोचला, विळा घेतला, आणि त्या वैशाखातल्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या.

"माज्यापायी उभी ऱ्हायलीस, त्ये म्या इसरनार न्हाई," त्या म्हणाल्या. "पन एक ऐक. परत मला न सांगता मला वाचवायला जाऊ नगंस."

त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. बायका खोळंबल्या होत्या. मी 'व्हय' म्हटलं नाही.