भर पंगतीत उठलेले बाबा

माझ्या साक्षगंधाला बाबा भर पंगतीत उठून उभे राहिले आणि माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

साल साठ-एकसष्टचं असेल. आमचं गाव ढाणकीजवळ, मुलाकडचे पुसदचे. पाहुण्यांसाठी मायनं कणकेचे जाड रोडगे केले होते, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. बाबांना वर्षभरापासून घास छातीत अडकायचा, कोरडा तर हमखास. पण पाहुण्यांसमोर रोडगा सोडून आजाऱ्यासारखा वरणात भात कालवून खातील तर ते बाबा कसले!

घास अडकला की त्यांचा उपाय ठरलेला होता. उठायचं, घटाघटा पाणी प्यायचं, हात वर करून छाती ताणायची. हळूहळू घास खाली उतरे. घरात आम्हाला त्याची सवय होती. पंगतीत मात्र शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठत नसे. मधेच उठला तो रागावूनच उठला, असा आमच्याकडचा अर्थ. आणि बाबा तर दोन्ही हात वर करून उभे, तोंडातून शब्द फुटेना.

"काहून उठले जी? आमच्याकून काई चुकलं काय?" म्हणत माझे होणारे सासरे उठले. त्यांच्यामागून सगळी पंगत उठली, अर्धपोटी.

मला संतापच आला. लाजबीज गुंडाळून मी बाहेर आले आणि सासऱ्यांनाच म्हणाले, "मामाजी, त्यायले राग नाई आला. घास अडकला त्यायचा."

मामाजींनी मलाच विचारलं, "मंग दवाखान्यात कायले नाई नेलं?"

मी होतं ते सांगून टाकलं. वैद्यानं पित्त म्हणून आवळा-सुंठ चालवली होती. बाबा वाळत चालले होते, झोपेत खाल्लेलं तोंडात येई. गळ्यात गाठ असेल या भीतीनं घरात कुणी तो विषयच काढत नव्हतं. मामाजींनी बाबांकडे बोट करून निकाल दिला, "पहिले इवाई नीट जेवला पायजे, मंग लगन." आणि स्वतः बाबांसोबत नागपूरला गेले.

तिथं बाबांना खडूसारखं पांढरं औषध पाजून ते कसं उतरतं ते एक्स-रेत पाहिलं. गाठ नव्हती. मी देवापुढं नारळ फोडला. अन्ननलिका पोटाला मिळते तिथलं तोंडच वेळेवर उघडत नव्हतं, म्हणून वर अन्न साचत होतं. डॉक्टरांनी आधी बारीक, मग जाड रबरी नळ्या घशातून घालून ते रुंद केलं. पुन्हा करावं लागेल, म्हणाले; लहान घास घ्या, सावकाश चावा.

"बंदुकीची नळी साफ करते तसं केलं मले," बाबा गावभर सांगत हिंडले.

लग्नात व्याह्यांची पंगत बसली. सगळ्यांचे डोळे बाबांच्या गळ्यावर. बुंदीचा लाडू गेला, पुरी गेली. एकेकाचं आटोपलं, पण बाबांचं चालूच. उठणार कोण? मामाजींच्या पायाला मुंग्या आल्या, त्यांनी मांडी मोडली. बाबांनी आणखी एक पुरी मागवली.

मी शालू सावरत जवळ गेले. "बाबा, अडकून राह्यलं काय?"

"नाई व." त्यांनी मान वर केली नाही. "पंगत उठली का तुयी पाठवनी हाय."

मामाजींनी ते ऐकलं. पुन्हा मांडी घातली आणि वाढप्याला म्हणाले, "मलेही वाढ एक."