बठ्ठं फुकट

शनिवारी दुपारी मी आणि बायकोनं प्रभुभोजनाचे पेले धुतले. काचेचे, बोटाएवढे, घोटभर द्राक्षरसाचे. महिन्याचा पहिला रविवार आला की हे काम आमच्याकडं. ती धूत होती, मी पुसत होतो. एक पेला मी जोरात घासला तर म्हणाली, "काय ओ, हमाली नई शे ही. हळू." तेवढंच बोलणं झालं.

मी मेहरूणला राहतो. उभा जन्म रावेरला केळीच्या गाड्या भरल्या. शाळा चौथीपर्यंत. गोड करून सांगता येत नाही.

बायको धुळ्याकडची, बोली अहिराणी. तिचं एकच पालुपद, "बठ्ठं फुकट शे," म्हणजे सगळं फुकट आहे. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी बाई. पण तारणाची गोष्ट निघाली की हेच. प्रभूनं क्रुसावर सगळं करून ठेवलंय, आपण नुसता हात पुढं करायचा.

मला पटायचं नाही. फुकट काय मिळतं, तुम्हीच सांगा. मी आपला प्रभूच्या मंदिराला चुना मारायचो, बाकं ठोकून द्यायचो. पिकाच्या सणाला सगळ्यांत मोठा घड खांद्यावर घेऊन जायचो. ती हसायची. "देवबापनी केळं देखं नई का कधी?"

पण प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं की मी पुढं सरकवायचो. अठरा वर्षं. कारण माझा धाकटा भाऊ. तो धुळ्यात देवपूरला असतो. आई त्याच्याकडं वारली. मी रावेरहून निघालो, गाडी वाटेत बंद पडली. "थांब" म्हणून निरोप धाडला. तो थांबला नाही. मी पोचलो तेव्हा माणसं माती देऊन हात धूत होती. आईचं तोंड मला दिसलं नाही.

भावावर राग धरून प्रभुभोजन घ्यायचं नसतं. राग मी सोडणार नव्हतो, म्हणून घेत नव्हतो. यात लबाडी नाही.

एकदा मंदिराचे पाळक समजूत घालायला घरी आले. मी म्हटलं, "त्याला माफी मागू द्या. तो लायक आहे का?"

आतून आवाज आला, "आनि तुम्ही लायक शेतस का?"

पाळक खाली बघून हसले. मी रागानं जेवलो नाही. थोड्या वेळानं तिनं ताट पुढ्यात आदळलं. "जेवा. हाई बी फुकट शे."

या वर्षी थट्टा कमी झाली होती. मधूनच विचारायची, "मी पुढे जासू. तुम्ही येशात ना मांगून?" मी चहा मागायचो. ते आता खुपतं.

त्या शनिवारी दिवेलागणीला ओट्यावर टेकली. "दम लागना," म्हणाली आणि गेली.

सकाळी पाळक म्हणाले, "आबा, नऊला निघू. ऊन फार आहे."

मी शेजाऱ्याकडून देवपूरला फोन लावून घेतला. भावानं उचलला. अठरा वर्षांनी काय बोलायचं? म्हटलं, "तुझी वहिनी गेली. ये."

तो रडायला लागला. "दादा, मी येस्तवर..." पुढं त्याला बोलवेना. तो काय मागतोय ते मला कळलं. मागायचा हक्क नव्हता त्याला.

"थांबतो," म्हटलं.

नऊ वाजले, दहा वाजले. माणसं सावलीबरोबर सरकत होती. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. पाळकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. एक जण म्हणाला, "आबा, आता पेटीचं झाकण लावू."

"हात लावू नको," मी म्हटलं. खुर्ची ओढून पेटीच्या उशाशी बसलो. माफ केलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. दमलो होतो. बसलो होतो.

साडेअकराला भाऊ दारात आला. केस पार पांढरे झालेले. आत यायला धजेना. मी उठलो आणि तिच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.