नावासाठी सोडलेलं घर

हेन्द्रेवेनच्या चढावरचा गेथिन घराण्याचा प्लास, म्हणजे जमीनदारी वाडा, नऊ पिढ्या बापाकडून मुलाकडे जात आला होता. घरातल्या मुली लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यात जायच्या. मॉर्विद तेवढी राहिली. थोरला भाऊ इथेल पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये पडला. धाकटा तिदिर लंडनला वकिली करायला गेला, एका इंग्रज जमीनदाराचा जावई झाला आणि तिकडचाच होऊन बसला. आईच्या माघारी म्हाताऱ्याला बघायला दुसरं होतंच कोण?

शाळामास्तर इद्वालने तिला दोन वर्षं लग्नाचं विचारलं. तिसऱ्या वर्षी त्याने पोस्टमास्तरच्या बहिणीशी लग्न केलं. मॉर्विदने त्यांना आहेर म्हणून प्लासच्या बागेतले पेअर पाठवले आणि पुन्हा कामाला लागली. छपराच्या कुठल्या दगडी पाट्या पश्चिमेच्या वाऱ्यात सरकतात, कुठलं कूळ खंडाऐवजी लोकर आणून देतं, सगळं तिला पाठ होतं.

एकतीस साली बापाचा उजवा हात लुळा पडला. त्याने वकिलाला बोलावून घेतलं. घर मुलालाच देण्याचं जुनं बंधन केव्हाच सुटलं होतं.

"घर तुझ्या नावावर करतो," तो मॉर्विदला म्हणाला. "तिदिरला त्याचं लंडन लखलाभ."

मॉर्विदने फार वेळ घेतला नाही. "माझ्यामागे कोण, बाबा? माझ्याबरोबर घरातलं गेथिन नाव संपेल. तिदिरला मुलगा आहे."

"नुसतं नाव घेऊन काय चाटायचंय?"

पण ती हटली नाही. वकिलाने पेनाला टोपण लावलं. स्वयंपाकीण कादी पुढचे तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली. मॉर्विदला मात्र तेव्हा आपण फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज त्याच आनंदाची वाटायची.

बाप गेला. तिदिर मालक झाला. तो ऑगस्टात शिकारीपुरता यायचा, आणि सात वर्षांनी तोही गेला. मग त्याचा मुलगा जाइल्स मालक. लहानपणी मॉर्विदने त्याला जिन्यातल्या तसबिरींपुढे उभं करून नऊ पूर्वजांची नावं शिकवायचा प्रयत्न केला होता. पोरगं जांभया देत होतं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि जाइल्सच्या आईचे वडील वारले. श्रॉपशरमधली त्यांची मोठी जहागीर जाइल्सला मिळणार होती. अट एकच, हार्कोम हे आडनाव लावायचं. त्याने लावलं. मॉर्विदला ते कळलं पाद्रीबाबांकडून, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. दोन आठवड्यांनी जाइल्स स्वतः आला, आणि प्लास विकतोय म्हणून सांगू लागला.

"आत्या, एका माणसाने दोन छपरं कशी सांभाळायची? फाटकाजवळची खोली तुला ठेवायला सांगितलंय मी घेणाऱ्याला."

"नाव बदललंस?"

"कागदावरचं तर आहे. मला सगळे जाइल्सच म्हणतात."

तेव्हा तिने त्याला सोळा वर्षांपूर्वीची वकिलाची गोष्ट सांगितली. हे घर तिचं होत होतं, आणि तिने ते कशासाठी सोडलं. आवाज न चढवता, सगळं.

जाइल्सने शांतपणे ऐकून घेतलं. "मग घ्यायचं होतंस ना," तो म्हणाला. "सगळ्यांचाच ताप वाचला असता."



प्लास एका लाकडाच्या व्यापाऱ्याने घेतला. त्याने ओकची झाडं तोडली, मग जिना काढला, छपरावरच्या पाट्या उतरवून विकल्या. उघड्या भिंती पावसात उभ्या राहिल्या. मॉर्विदने फाटकाजवळची खोली घेतली नाही. ती गावात कादीकडे गेली. कादीचं दोन खोल्यांचं घर तिला आईकडून आलेलं होतं, आईला तिच्या आईकडून.

"वकील आला त्या दिवशी मी तुम्हाला बोलणार होते, बाई," कादी चहा ओतता ओतता म्हणाली. "पण तुम्ही मला कुठे विचारलंत?"

"विचारलं असतं तरी ऐकलं नसतं," मॉर्विद म्हणाली.

तिथे ती अकरा वर्षं जगली. गावात माणसाला घराच्या नावाने हाक मारतात, त्यामुळे दुकानात लोक तिला 'मॉर्विद प्लास'च म्हणायचे. पहिली काही वर्षं ती वळून बघायची. पुढे तिने ओ देणं सोडलं. कुणी फारच हाका मारल्या तर म्हणायची, "मी कादीकडे असते."