रेघेबाहेरून

बास्केटबॉल खेळणाऱ्या माणसाचं वय ओळखायला आधार कार्ड लागत नाही. तो रिंगकडे कसा जातो ते बघायचं. पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या सेक्टरच्या मैदानावर रोज सकाळी जमणाऱ्या मंडळींवर मी या शास्त्राचा चांगलाच अभ्यास केलाय. ज्यांनी शाळेत असताना टीव्हीवर अमेरिकेतला तो हवेत तरंगणारा खेळाडू पाहिला, ते पन्नाशीतही उडी मारताना जीभ बाहेर काढतात. उडी वीतभर, जीभ पूर्ण. माझ्या नवऱ्यानं याच नादात जीभ चावली आणि आठवडाभर ताकभातावर राहिला. त्यानंतरच्यांनी धिप्पाड खेळाडूंचा जमाना पाहिला. ते समोरच्याला पाठ लावतात आणि ढकलत ढकलत थेट रिंगखाली नेतात, लग्नाच्या पंगतीत जागा धरल्यासारखे. एकेका मोठ्या खेळाडूनं तिकडे खेळ बदलायचा आणि इकडे आमच्या गुडघ्यांनी त्याचे भोग भोगायचे, असं चाललेलं असतं.

मी या कुठल्याच जमान्यातली नव्हते. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. शाळेत सरांनी मला एकच खेळ शिकवला होता: उंच मुलीला पास दे आणि बाजूला हो. सत्तेचाळिसाव्या वर्षीही मी तेच करत होते. आमची उंच मुलगी म्हणजे काका. बँकेतून निवृत्त झालेले, कुठल्याही दारातून वाकूनच आत येणारे, स्वभावानं अत्यंत गरीब. बॉल काकांना द्यायचा आणि बघत बसायचं, हाच आमचा डावपेच. तो ठरवला होता दादांनी. दादा आमचे कप्तान. आमचा सेक्टर जिथे उभा आहे तिथे त्यांच्या आजोबांची भाताची खाचरं होती, त्यामुळे मैदानावर त्यांचा शब्द शेवटचा असतो.

मग सोसायट्यांची मिक्स स्पर्धा जाहीर झाली. पाचांत एक बाई कायम मैदानात हवी, हा नियम. आमच्यातल्या एकीचा गुडघा गेला होता, दुसरी मुलाच्या बारावीत अडकली होती. उरले मी. दादा समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, तुमी कोपऱ्यात थांबा. नियमाला बाई लागते, तुमी हाय. बाकी काय करायचं नाय.”

मला राग आला. खूप आला. घरी येऊन मी पोळ्या अशा आपटल्या की नवरा दुसऱ्या खोलीत जाऊन बसला. मला कप बिप नको होता. एकदा, फक्त एकदा, त्या मैदानावर मला माणसांत मोजलं जायला हवं होतं.

त्याच आठवड्यात फोनवर एक व्हिडिओ समोर आला. एक किरकोळ अंगाचा खेळाडू, तिथल्या राक्षसांत अगदीच शाळकरी दिसणारा, लांबून, पार लांबून बॉल टाकत होता. आणि तो जात होता! पुन्हा पुन्हा जात होता! हा आल्यापासून तिकडे सगळेच लांबून टाकायला लागलेत म्हणे, सात फुटी गडीसुद्धा. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की गवारीची भाजी तळाला लागली. करपलेली गवार मी आनंदानं खाल्ली. सगळ्यांना आपापला खेळाडू मिळाला होता, मला माझा सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाला.

अडचण अशी की आमच्या मैदानावर लांबून कुणी टाकतच नसे, कारण आमच्याकडे गल्ली क्रिकेटचा कायदा लागू होता: फेकेल तो आणेल. रिंगच्या मागे कुंपण तुटलेलं, आणि त्यापलीकडे नाला. त्यामुळे तीन गुणांची रेघ, म्हणजे जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण मिळतात ती, आमच्याकडे कधी आखलीच नव्हती. स्पर्धेसाठी मात्र ती आखणं भाग होतं. दादांनी नियमातलं अंतर पाहून तेवढी दोरी कापून आणली. काका रिंगच्या बरोबर खाली उभे राहिले, दोरीचं टोक हातात, हात पुढे ताणलेला. दुसऱ्या टोकाला दादा चुन्याची फक्की सोडत अर्धगोल फिरले, आणि काका जागच्या जागी त्यांच्याबरोबर फिरत राहिले. रेघ इतकी सुरेख आली की आम्ही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या रेघेवर. दोन्ही हातांनी, पोटाजवळून, गुडघे वाकवून बॉल वर लोटायचा. आधी तो पोहोचायचाच नाही. मग पोहोचायला लागला, पण नाल्यात. मी रोज चिखलानं बरबटून घरी यायचे. नवरा म्हणायचा, “अगं, रिंग वर आहे, खाली नाही.” ज्या दिवशी पहिला बॉल जाळी सळसळवत आत गेला, त्या दिवशी मी अशी किंचाळले की चौथ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत धावत आल्या. दादा म्हणाले, “चुकून गेला.” हळूहळू तो बऱ्याचदा चुकून जायला लागला. तरी डावपेच तोच राहिला, मी कोपऱ्यात आणि बॉल काकांकडे.

आमचा सामना उरणला, एका शाळेच्या मैदानावर, मोरा बंदरावरच्या मंडळींशी. त्यांचे खांदे बघूनच आमच्यातल्या दोघांना तहान लागली. मी मात्र जमिनीकडे बघत होते. तीन गुणांची रेघ इतकी जवळ? मला वाटलं, यांनी चुकीची आखलीय. काकांनी रेघेकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि ते हसतच सुटले. “अहो, आपण दोरीत माझा हात धरलाच नाही!” खरंच की! आमची रेघ काकांच्या हाताएवढी लांब गेली होती, आणि काकांचा हात म्हणजे साधासुधा नव्हे.

मी त्या जवळच्या रेघेवरून एक टाकून पाहिला, तो बोर्डाच्या वरून पलीकडे गेला. मग मागे सरकत सरकत माझ्या पायांना ओळखीचं वाटेल तिथे जाऊन उभी राहिले. माझ्यावर नेमलेल्या गड्यानं मला पाहिलं, हसला, आणि मला तिथेच सोडून काकांना घेरायला आत गेला. काकांभोवती आता तिघं. बिचाऱ्यांना श्वास घ्यायला जागा नाही. शेवटी वैतागून त्यांनी बॉल बाहेर भिरकावला, आणि तो माझ्याकडे आला, कारण मोकळं असं दुसरं कुणी नव्हतंच.

मी टाकला. गेला.

पुढचाही गेला. तिसरा हुकला, तरी मला हसूच फुटत होतं. चौथा गेला तेव्हा दादा बाहेरच्या प्रेक्षकांनाच ओरडून सांगायला लागले, “आमच्या ताई हाय त्या!” माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो. दादांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि काकांकडे न बघता म्हणाले, “बॉल ताईंना द्यायचा.”

बॉल माझ्या हातात आला. मी गुडघे वाकवले, वर बघितलं, तर रिंग दिसेना. समोर दोन आडदांड गडी, हात वर करून, धापा टाकत उभे. काकांना सोडून धावत आले होते दोघंही. माझ्यासाठी! त्यांच्या डोळ्यांत चक्क भीती होती. मला इतका आनंद झाला की क्षणभर बॉल टाकायचं सुचेचना. मग त्यांच्या पायांमधून मी तो आत आपटला. तिथे काका एकटे उभे होते, आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्यांनी माळ्यावर डबा ठेवावा तसा बॉल रिंगमध्ये ठेवला.

आम्ही जिंकलो. पोरांनी काकांना उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दादा मला म्हणाले, “तुमी टाकायला पायजे होता, ताई.”

गाडीत नवऱ्यानं जपून विचारलं, “शेवटची बास्केट काकांची झाली. वाईट वाटलं का गं?”

मी एकाच वेळी हसत होते आणि डोळे पुसत होते. “अरे, दोघं आले होते,” मी म्हटलं. “शाळेपासून खेळतेय मी. आजपर्यंत मला अडवायला कधी एकही आला नव्हता.”