बाईंची फॉइलची पट्टी

"बोट कोरडं कर आधी!" बाई ओरडल्या की प्रयोगशाळेतले सगळे हात शर्टाला पुसले जायचे. माझेही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सोल्डरिंग गन धरायला मला बाईंनीच शिकवलं. अशा बाई तुम्हीही पाहिल्या असतील: नोकरी तासिका तत्त्वावरची, पण दरारा प्राचार्यांपेक्षा जास्त.

लकव्यानं त्यांच्या वडिलांची, अण्णांची, वाचा गेली होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं. बाईंनी लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे ओळीनं चिकटवले, वर टेप लावली. प्रत्येक तुकड्याची तार एका छोट्या सर्किटला; बोट आलं की सर्किटमध्ये त्या तुकड्याचा आकडा वाढतो. बोट दोन तुकड्यांच्या मधे असेल तर दोन्हीकडचा आकडा किती वाढला, यावरून जागा कळते. जागेप्रमाणे स्पीकरमधून बाईंच्याच आवाजात शब्द यायचा: पाणी, दुखतंय, खिडकी.

"आता भांडायलेत माझ्याशी," बाई सांगायच्या. "खिडकी, खिडकी, खिडकी! लई हट्टी म्हातारा."

नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांना ती पट्टी हवी झाली. अण्णांसकट. बाई नाही म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी तास हवेत ना?"

पुढचं आठवलं की अजून माझं डोकं सणकतं. मंचावर व्हीलचेअरमध्ये अण्णा, समोर पट्टी. अध्यक्षांनी आधी तिची पूजा केली. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी थेट पट्टीवर शिंपडलं. सगळ्या तुकड्यांवर एकदम बोटं टेकल्यासारखं झालं.

"पाणी दुखतंय पाणी खिडकी दुखतंय!" पट्टी किंचाळत सुटली. मंडप हसला.

"अण्णा, एका वेळी एकच मागा की!" अध्यक्ष माईकवरून म्हणाले. मंडप आणखी हसला.

अण्णांनी बोट मागं घेतलं आणि तळव्यात दुमडलं.

बाईंनी माईक हिसकावला. "कावून हसायलाव? जीभ हाय ती माझ्या बापाची!"

पुढच्या वर्षी बाईंना तास मिळाले नाहीत. "वरून आलंय," एवढंच प्राचार्य म्हणाले. वर कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी धारूरला त्यांच्या घरी गेलो. खाटेवर नवी पट्टी होती, पण अण्णा तिला हात लावत नव्हते. बोट दुमडलेलंच. त्या दिवशी बाईंनी पट्टीच्या टोकाला एक तुकडा वाढवला, दार लावून त्यात नवा शब्द भरला आणि अण्णांना ऐकवला.

"हा अध्यक्षांसाठी हाय," त्या म्हणाल्या.

अण्णांनी दुमडलेलं बोट उघडलं. ते पाण्यावरून, खिडकीवरून सरकत पार टोकाला गेलं.

"हरामखोर!" पट्टी बाईंच्या आवाजात ओरडली.

"आणखी एकदा, अण्णा," बाई म्हणाल्या.