अडाणी आईचं सोंग

त्यानं माझं पाणी गटारात ओतलं. वर पेला झटकला. थेंबसुद्धा राहू नये असा.

"आत उकडतंय बाई, बाहेर उभा राहून पितो," म्हणत वस्तीत आरोग्य शिकवायला आलेला तो मुलगा पेला घेऊन दाराबाहेर गेला होता. त्याचा गुंडाळलेला चार्ट माझ्या पाटावर राहिला. तो द्यायला मी मागं गेले आणि पाहिलं. चार्टवर लिहिलेलं, 'पाणी उकळून प्या.'

मला बघून तो हसला. "छान होतं हं पाणी."

मी म्हटलं, "थँक्यू सर."

हे शब्द माझ्या तोंडातून गेले. आजही आठवलं की ओकारी येते. त्याची येते आणि माझीही.

पाणी त्याच्यासारख्या पोरांनीच शिकवलं तसं केलं होतं. फडक्यानं गाळून, रॉकेल जाळून उकळलेलं, झाकून ठेवलेलं, ओगराळ्यानं काढलेलं. पेला हातात घेताना त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तेवढंच झालं होतं मध्ये.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन परभणीकडून अंबरनाथला आले, शिवमंदिराच्या पलीकडच्या वस्तीत. माणूस केमिकल कंपनीत हंगामी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. उल्हासनगरच्या एका ट्रेनिंग सेंटरात शिकवणाऱ्या मॅडमनी मला झाडलोटीला लावून घेतलं. तिथं बी.ए., बी.एस्सी. झालेली पोरं आरोग्यशिक्षण शिकायची. लोकांच्या सवयी कशा बदलायच्या, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी चार्ट घेऊन आमच्या वस्तीतही यायची. परक्या मुलखात मला कुणी नव्हतं. मॅडमना मी देव मानायचे. काम जाईल या धास्तीनं अंगात ताप घेऊन जायचे.

तिथल्या माठाला हात लावू नको, असं मला कुणी कधी म्हणालं नाही. फक्त माठ भरायला दुसरी बाई होती. मला प्यायला तीच वरून ओतायची. मला ते कळायचं. कळून घ्यायचं नव्हतं.

झाडलोटीशिवाय वर्गात मला आणखी एक काम. अडाणी आई. पोरांनी समजावायचा सराव करायचा, मी जमिनीवर बसून नाही नाही म्हणायचं. वाक्यं मॅडमनी पढवलेली. "आमच्यात असंच करत्यात. द्येवाच्या मनात असंल ते हुईल." पोरं खिदळायची. "बाई, अजून जरा गावठी येऊ द्या ना!" मी येऊ द्यायचे. पदर डोक्यावर ओढून, तोंड वासून. संध्याकाळी घरी आले की माझीच मुलगी माझ्याकडं बघायची आणि मला तिच्या नजरेला नजर देववायची नाही.

पाणी ओतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते. तोच मुलगा उभा राहून आमच्या वस्तीबद्दल सांगू लागला, "सर, तिथले लोक पाणी उकळतच नाहीत. कितीही सांगा, पटतच नाही त्यांना."

मॅडमनी मान डोलावली. मग मला हाक. "चल गं, बस खाली. पदर घे."

मी बसले नाही. कोपऱ्यातल्या माठाचं झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, पेला भरला आणि त्या मुलासमोर ठेवला.

"प्या सर."

तो मॅडमकडं बघायला लागला.

"काल माझ्या घरचं उकळलेलं पाणी तुम्ही गटारात ओतलंत. हे तर तुमच्याच माठातलं. प्या."

परीक्षक म्हणाले, "हे काय नाटक चाललंय?"

"नाटक रोज करते साहेब. आज नाही."

मॅडम दात आवळून बोलल्या, "तुला इथं कुणी आणलं, विसरलीस?"

"नाही विसरले मॅडम. पण खाली नाही बसणार."

पेला तसाच राहिला. कुणी शिवलं नाही. मी बाहेर पडले, फाटकापाशी पोचले तेव्हा मागून आवाज आला. अख्खा माठ मोरीत ओतत होते.

काम गेलं. आता एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापते. बोटं निळी होतात. तेवढं चालतं.

वस्तीत अजून चार्ट घेऊन पोरं येतात. मी उंबऱ्यात उभी राहते, भरलेला पेला पुढं करते. गल्लीतल्या बायकांनाही तेच सांगून ठेवलंय. माझ्यासमोर जो पिईल, त्याचं ऐकेन. जो पिणार नाही, त्यानं माझ्या दारात पाण्याचं नाव काढायचं नाही.