जाड बुबुळ, पातळ बुबुळ

मला काचबिंदूची सुरुवात आहे असं कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून माझ्या डोळ्यांत थेंब घालायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. तो शिंपी. थेंब घालताना तो दरवेळी सांगायचा की डोळ्यांच्या शिबिरात त्याचं स्वतःचं डोळ्यांचं प्रेशर नॉर्मल आलंय. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवायचा. मध्येच स्टुलावर आदळायचा आणि स्टूल तिथं ठेवलं म्हणून मला बोलायचा.

थेंबांनी डोळे सारखे लाल व्हायला लागले, म्हणून आम्ही मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझा डोळा बधिर केला आणि पेनासारखी कांडी बुबुळाला टेकवून त्याची जाडी मोजली.

"तुमचं बुबुळ जाड आहे. प्रेशरचं यंत्र बुबुळ दाबून बघतं. जाड बुबुळ लवकर दबत नाही, त्यामुळे आकडा जास्त येतो. आतली नस चांगली आहे, कडेचंही तुम्हाला नीट दिसतंय. थेंब थांबवून बघू. तपासायला मात्र येत राहा."

नवरा खूश झाला. "आमचं तर पयल्यापासनं नॉर्मल हाय."

"घरात कुणाला काचबिंदू होता?"

"वडलांना. शेवटी कायच दिसत न्हवतं."

बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं.

त्याचं बुबुळ पातळ निघालं. म्हणजे यंत्रावर आकडा कमी दिसायचा, आत दाब त्याहून जास्त. नस बरीच सुकली होती.

"चालताना कशाला धडकता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "स्टुलाला," मी म्हणाले.

"आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही," बाई म्हणाल्या.

"गेल्यालं परत यील?"

"नाही. उरलंय ते राखायचं."

स्टँडवर तो एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून एसटीची पाटी बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, "कवापासनं असा हाय गं मी?"

"आवं, मला तरी काय ठावं?" मी त्याचा हात धरला. एरवी स्टँडवर त्याने धरू दिला नसता.

आता थेंब मी घालते. तो डोळे गच्च मिटतो, निम्मं औषध गालावर जातं. मागच्या दोन्ही तपासण्यांत नजर आहे तेवढीच राहिलीय. गाडी चालवणं त्याने सोडलं, म्हणून मी स्कूटी शिकले. तो मागे बसतो आणि ऊस घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरवाल्यांना बाजूला व्हायला सांगतो.